तूर्त धरलेली पानं

म्हैसूरचं न्यायालय चामराजपुरमच्या अंगालाच आहे, त्यामुळे आसपासच्या स्टेशनरीच्या दुकानांत कागद बांधायच्या सामानाची कधी टंचाई नसते. टाचण्या, जेम क्लिपा, स्टेपलरच्या पिनांच्या डब्या, दोन्ही टोकांना पत्र्याची बोंडं असलेले टॅग, फायलींच्या नाड्या, स्पायरलची वेटोळी. वकिलांचे कारकून येतात, नुसतं बोट दाखवतात आणि दुकानदार पुडा काढून देतो. मी मात्र दर खेपेला एकाच वस्तूपाशी रेंगाळायची. काळी, पाठीला त्रिकोणी पोकळी असलेली, दोन तारांच्या कानांची बाइंडर क्लिप. दुकानदार तिला ‘क्लिप्पु’ म्हणायचा आणि किती मिलिमीटरची हवी ते विचारायचा. १९, २५, ३२, ४१, ५१. डझनाचा खोका. मी कुठल्या तरी वकिलाकडे कामाला आहे अशी त्याची समजूत होती. “कौनसे वकील, मॅडम?” असं त्यानं एकदा विचारलं, तेव्हा “मराठी” एवढंच उत्तर माझ्या तोंडून गेलं. त्यानंतर त्यानं कधी काही विचारलं नाही.

मी म्हैसूरला होते ती भाषांतरं तपासायच्या कामासाठी. मानसगंगोत्रीच्या आवारात भारतीय भाषा संस्थान आहे, १९६९ सालचं. राष्ट्रीय अनुवाद मिशनही २००८ पासून तिथूनच चालतं. त्यामुळे मैथिलीपासून बोडोपर्यंत नाना भाषांची माणसं या गावात येऊन-जाऊन असतात, त्यांतच आम्ही काही मराठी. माझं काम थोडं संस्थांचं, थोडं बाहेरच्या प्रकाशकांचं, असं मिश्र. एका हाताला इंग्रजी पाठ्यपुस्तक, दुसऱ्या हाताला त्याच्या मराठी मजकुराच्या सुट्या पानांचा गठ्ठा, मधे परिभाषाकोश आणि पेन्सिल. खोली चामराजपुरममध्ये, वरच्या मजल्यावर, जे.एल.बी. रोडवरून आत वळल्यावर. (जे.एल.बी. म्हणजे झाशी लक्ष्मीबाई. रिक्षावाल्याला हे पूर्ण नाव सांगून पाहा, तो मान हलवतो आणि पुन्हा विचारतो, कुठे?) चामराजनगरची गाडी इथल्या चिमुकल्या स्टेशनात थांबून सुटायची, तेव्हा तिची शिट्टी खोलीत यायची.

संगणक होताच. पण चारशे पानांच्या पुस्तकात एखादी संज्ञा सगळीकडे एकसारखी आली आहे का, हे मला पडद्यावर कळत नाही. शोधून सापडतं, कळत नाही. त्यासाठी पानं जमिनीवर पसरावी लागतात, तिसऱ्या प्रकरणातलं पान नवव्या प्रकरणातल्या पानाशेजारी ठेवावं लागतं. एक प्रकरण विषयतज्ज्ञाकडे जायचं, दुसरं माझ्याकडे, तिसरं अनुवादकाकडे परत. आठवड्याभरात ही वाटणी बदलायची. अशा कामात पानांना स्टेपल मारून चालत नाही. पिन काढताना कोपरा फाटतो, पुन्हा मारली की दुसरं भोक पडतं, आणि चार फेऱ्यांनंतर पानाचा डावा वरचा कोपरा चाळणी होऊन गळून पडतो. टॅगला पंच लागतो, आणि मधलं एक पान काढायचं तर वरची सगळी उतरवावी लागतात. क्लिपेला यातलं काहीच लागत नाही. तिला समासाची बोटभर जागा पुरते, आणि सोडलं की पानावर फार तर एक दाबाची रेघ राहते.

ही क्लिप बघायला फार साधी आहे. स्प्रिंगच्या पोलादाची एक पट्टी त्रिकोणात वाकवलेली, तिच्या दोन्ही ओठांची कड नळीसारखी वळवलेली, आणि त्या नळ्यांत तारांच्या दोन कानांची टोकं अडकवलेली. कान मागं धरून चिमटले की ते तरफेचं काम करतात आणि एरवी बोटांनी हलणार नाहीत ते ओठ उघडतात. कागद आत गेला की कान पुढं पाडायचे, म्हणजे गठ्ठा सपाट होतो आणि दुसऱ्या गठ्ठ्यावर बसतो. कानाच्या तारा थोड्या दाबल्या तर त्या निघूनही येतात. मग ती क्लिप सहजासहजी कुणाला उघडता येत नाही. अंतिम मजकूर पाठवताना मी मुद्दाम कान काढून पाठवत असे.

ती किती उघडते याचा हिशेब दुकानदारानंच मला शिकवला. जेवढी रुंदी, त्याच्या निम्मा जबडा. ५१ची क्लिप इंचभर उघडते, ३२ची पाऊण इंचाच्याही आत. आपल्याकडे झेरॉक्सला जो कागद वापरतात त्याच्या पाचशेच्या रिमेची जाडी साधारण पाच सेंटिमीटर. म्हणजे सगळ्यांत मोठ्या क्लिपेत अडीचशे पानं, तीही कोंबून. प्रत्यक्षात दीडशेच्या वर जाऊ नये. कारण हे पोलाद ठरावीक मर्यादेपर्यंत वाकलं तर पुरतं मूळ जागी येतं, त्यापलीकडे नेलं की थोडं वाकलेलंच राहतं. मग ती क्लिप दिसायला क्लिपच असते, पण तिच्यातून पानं ओघळतात. विकत घेताना रिकामी क्लिप उजेडासमोर धरून बघायची. दोन ओठांमधून उजेडाची फट दिसली तर परत करायची. रंगीबेरंगी क्लिपांत हा दोष जास्त आढळतो, असा माझा अनुभव. शिवाय त्यांचा रंग पानांवर उतरतो.

आणि मग आषाढ.

म्हैसूरची हवा बाराही महिने सुखाची, असं सगळे सांगतात. ते खरंही आहे; पण आषाढातल्या वाऱ्याबद्दल आधी कुणी बोलत नाही. पश्चिमेकडून तो सुटतो तो दिवसचे दिवस थांबत नाही. पाऊस बारीक, भुरभुरता, पण वारा मात्र दारं आपटणारा. त्या दिवसांत शुक्रवारी अख्खं गाव चामुंडीच्या टेकडीवर जातं, रांगा लागतात, आणि इकडे खोल्यांमधून कॅलेंडरं भिंतीवर फडफडत असतात. माझी खिडकी पश्चिमेची. घरमालकीण अज्जी जिन्यातूनच ओरडायच्या, “गाळी, नोडम्मा, गाळी!” वारा आहे, बघ गं बाई. आणि स्वतःच वर येऊन खिडकी ओढून घ्यायच्या. खिडकी बंद केली की खोलीत अंधार, उघडी ठेवली की कागद जिन्यात. काचेचे पेपरवेट ठेवून बघितले. ते वरचं पान धरतात आणि खालची कडेकडेनं निसटू देतात, शिवाय वाचायच्या ओळीवरच बसतात. शेवटी खोलीतला प्रत्येक गठ्ठा, अगदी पाच पानांचाही, क्लिपेत गेला. अज्जींनी त्यातल्या दोन उचलल्या. एक कॉफीपुडीच्या पाकिटाला लागली, दुसरी कुठं गेली ते मी विचारलं नाही.

त्याच मोसमात कुरिअरनं एक गठ्ठा आला. भूशास्त्राचं पाठ्यपुस्तक, दोन अनुवादकांनी निम्मं-निम्मं केलेलं. पाकीट फुगलेलं, एका कोपऱ्यातून फाटलेलं. उघडलं तर सगळ्या पानांचा काला झालेला आणि पाकिटाच्या तळाशी एक बिचारी २५ची क्लिप पडलेली. एवढ्या गठ्ठ्याला ती लावणाऱ्यानं तिच्याकडून भलतीच अपेक्षा ठेवली होती. वाटेत कुठंतरी ती उडाली आणि पानं मोकळी झाली. तेही चाललं असतं. पण प्रत्येक प्रकरण वेगळ्या फायलीतून छापलं होतं आणि प्रत्येकाची सुरुवात पान १ पासून होती. पानावर प्रकरणाचं नाव नाही. म्हणजे माझ्यासमोर जेवढी प्रकरणं तेवढी पान १, तेवढी पान २, तेवढी पान ३. पुन्हा छापून पाठवा म्हणून फोन केला, तर फायली जमवायला आठवडा लागेल असं उत्तर आलं.

खिडकी लावली, दिवा लावला आणि जमिनीवर बसले. आधी आकृत्या असलेली पानं बाजूला काढली, कारण आकृतीच्या क्रमांकात प्रकरणाचा क्रमांक असतो: ४.३ म्हणजे चौथं प्रकरण, त्यात वाद नाही. मग कोष्टकं, मग शीर्षकं. एवढं होईतो जेवायची वेळ झाली होती आणि निम्म्याहून जास्त पानं अजून तशीच होती. त्यानंतर अनुवादकांच्या सवयी कामी आल्या. एकजण ‘गाळाचे खडक’ लिहायचा, दुसरी ‘अवसादी खडक’. एरवी ही विसंगती मी लाल पेन्सिलीनं खोडून काढली असती, त्या दिवशी तिनंच पुस्तकाचे दोन भाग करून दिले. नंतर उरली ती वाक्यं जोडायची पानं. एक पान ‘म्हणून या’ वर संपतंय, तर ‘खडकांची झीज’ नं सुरू होणारं पान कुठं आहे? अशा जोड्या लावताना मजकूर जेवढ्या बारकाईनं वाचला जातो, तेवढा तपासतानाही वाचला जात नाही. तपासताना डोळा पुढं धावतो, कारण पुढं काय येणार ते ठाऊक असतं. इथं ते ठाऊक नव्हतं. प्रत्येक पानाच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीत अर्थ शोधायचा होता.

सगळ्यांत त्रास दिला तो ज्यांच्यावर परिच्छेद पुरा होतो अशा पानांनी. त्यांना मागंपुढं काही लोंबत नाही. एक पान तर असं निघालं की ते सहाव्या प्रकरणातही चपखल बसत होतं आणि अकराव्यातही, आणि दोन्हीकडे वाचायला ठीक वाटत होतं. मूळ इंग्रजी काढून बघावं लागलं. ते अकराव्यातलं होतं. मग प्रश्न आला, सहाव्यात त्या जागी काय होतं? मूळ पुस्तकात तिथं पूर्ण दोन पानं होती, नदीच्या गाळाच्या थरांबद्दलची. ती भाषांतरात कधी झालीच नव्हती. गठ्ठा नीट क्रमानं आला असता तर सहाव्या प्रकरणाचे पानक्रमांक सरळ पुढं गेले असते, आणि मीही पुढं गेले असते. त्या विस्कटण्यानं पुस्तकाचं भलंच केलं, एवढं मान्य करावं लागतं. पाठवणाऱ्याचं मात्र मी अजून कौतुक केलेलं नाही.

पानं विस्कटू नयेत म्हणून जुने लोक काय करत, तेही मला याच गावात दिसलं. चामराजपुरमपासून पायी जाण्याच्या अंतरावर, कृष्णराज बुलेवारवर, प्राच्यविद्या संशोधन संस्थेची इमारत आहे. संस्था १८९१ सालची, दहाव्या चामराज वडेयर महाराजांच्या वेळची. इथले ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांच्या हाती १९०५ मध्ये तंजावर भागातल्या एका पंडितानं आणून दिलेल्या पोथ्यांत कौटिल्याच्या अर्थशास्त्राची ताडपत्रं लागली. ग्रंथ लिपीतली. त्याआधी हा ग्रंथ हरवलाच असं लोक धरून चालले होते, फक्त इतर ग्रंथांतले उल्लेख तेवढे शिल्लक होते. १९०९ मध्ये त्यांनी तो छापून काढला. समोरच्या चौकाला आता कौटिल्याचं नाव आहे.

तिथल्या ताडपत्रांकडे मी माझ्या धंद्याच्या नजरेनं बघितलं. ताडपत्राला भोक असतं, त्यातून दोरा जातो, वर-खाली लाकडी फळ्या. हे भोक पोथी झाल्यावर पाडलेलं नसतं. लिहिणारा ते धरूनच लिहितो, त्याच्याभोवती कोरी चौकट सोडतो, ओळ तिथं तोडतो आणि पलीकडून पुढं चालू करतो. दोरा आधी ठरलेला, मजकूर त्याला वळसा घालून. पानं ठिसूळ होऊ नयेत, कीड लागू नये म्हणून गवती चहाचं तेल लावतात. त्याचा वास दालनात असतो. एखादं पत्र बदलायचं तर दोरा सोडायचा, वरची सगळी पत्रं काढायची. ज्यांना ही पोथी करायची होती त्यांना ती बदलायची नव्हती, हे उघडच आहे.

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात हिशेबाच्या कचेरीवर एक प्रकरण आहे. प्रा. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती १९६० पासून आली, मी ती घेऊन बसले होते. वर्षाचा हिशेब कधी मिटवायचा? आषाढीला. कामाचं वर्ष ३५४ दिवसरात्रींचं, ते आषाढ पौर्णिमेला संपतं. ठिकठिकाणचे हिशेबनीस आपापल्या मोहोरबंद वह्या आणि शिल्लक घेऊन येतात, आणि आल्यावर त्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही असा नियम. त्याच प्रकरणात पुढं, नोंद क्रमाविना लिहिली, उलट्या क्रमानं लिहिली, कळणार नाही अशी लिहिली किंवा पुन्हा लिहिली, तर बारा पण दंड. खिडकीबाहेर आषाढाचा वारा चालू असताना हे वाचलं. मोहोर कशाला, हे मला तेव्हा फार नेमकं कळलं. भूशास्त्रवाल्यांना बारा पणांचं बिल लावावं असंही मनात आलं.

शामशास्त्र्यांनी केलेलं अर्थशास्त्राचं इंग्रजी भाषांतर पुस्तकरूपानं बंगळूरच्या सरकारी छापखान्यातून निघालं ते १९१५ मध्ये. त्याच वर्षी अमेरिकेत वॉशिंग्टनच्या लुई बाल्ट्झली यांना बाइंडर क्लिपेचं पेटंट मिळालं. ती त्यांनी १९१० च्या सुमारास घडवली होती. त्यांचे वडील लेखक. त्या काळी हस्तलिखिताच्या पानांना भोकं पाडून ती सुईदोऱ्यानं शिवत. एखादं पान घालायचं किंवा काढायचं झालं की शिवण उसवायची आणि पुन्हा घालायची. मुलानं वडिलांचा हा ताप वाचवायला ही पोलादी युक्ती काढली. दोन गोष्टींत काही संबंध नाही. तरी मला हे वर्ष आवडतं: ताडपत्रावरून छापील इंग्रजीत आलेला ग्रंथ, आणि पुढच्या सगळ्या भाषांतरकारांची पानं धरणारी ही वस्तू, दोन्ही एकाच सालातली. शामशास्त्र्यांनी कागद कशात धरले असतील? टाचणीत, बहुधा. किंवा दोऱ्यात.

आपल्याकडेही दोरा आणि कापड हीच खरी परंपरा. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद रुमालांत बांधलेले. चौकोनी कापडात कागदांचा थर, वर गाठ. अभ्यासक अजून ‘रुमाल सोडला’ असंच म्हणतात. इतिहासकार सरदेसाईंनी त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, १९३० पासून. रुमालात कागद कापडाच्या घडीनं धरलेले असतात, म्हणून त्यांना भोकं नाहीत आणि गंजाचे डागही नाहीत. तलाठ्याचं दप्तर त्याच जातीचं. आणि ज्यांनी महाराष्ट्रात दहावी दिली आहे त्यांना उत्तरपत्रिकेचा दोरा आठवत असेल. पुरवणी घेतली की ती दोऱ्यानं बांधायची. घंटा व्हायला पाच मिनिटं असताना सगळा वर्ग मान खाली घालून गाठी मारतोय. बरोबर आणलेल्या हार्डबोर्डच्या पॅडला वर भलीमोठी स्प्रिंगची क्लिप असायची, ती पेपरभर उत्तरपत्रिका धरायची, पण तिच्यावर बोर्डाचा विश्वास नव्हता. तो विश्वास गाठीवर होता. बरोबरच होतं त्यांचं. जे एकदा दिलं ते पुन्हा उघडायचं नाही, अशा कागदाला गाठच हवी.

याच्या दुसऱ्या टोकाला पुण्याचंच डेक्कन कॉलेज. तिथं संस्कृत महाकोशाचं काम १९४८ पासून चालू आहे, डॉ. कत्रे यांनी सुरू केलेलं. दीड हजारांच्या आसपास ग्रंथांतून काढलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या, एक कोटीच्या घरात, कपाटांच्या खणांत उभ्या लावलेल्या. पहिला खंड छापून यायला १९७६ उजाडलं. या चिठ्ठ्या कशानंच बांधलेल्या नाहीत, आणि बांधताही येणार नाहीत, कारण नवी चिठ्ठी कुठंही मधे शिरू शकते. त्या खणांसमोर उभं राहिल्यावर मला माझं काम कुठं बसतं ते समजलं. सुट्या चिठ्ठीइतकं मोकळं नाही, शिवलेल्या पुस्तकाइतकं बंद नाही. महिना-दोन महिन्यांपुरतं, पानं एकत्र असावीत पण हलवताही यावीत, एवढ्यापुरतं. त्या मधल्या मुदतीसाठी क्लिपेइतकं सोयीचं दुसरं काही माझ्या बघण्यात नाही.

तिचे दोष मी मोजले नाहीत असं नाही. तिची पाठ जाड, त्यामुळे चार गठ्ठे एकावर एक ठेवले की एका बाजूनं ढिगारा कलतो. आलटून-पालटून डावी-उजवी अशी लावावी लागते. पावसाळ्यात ती गंजते. काळा मुलामा ओरखडला की तिथून तांबूस रेघ पानावर उमटते, आणि ती रेघ मग कागदाला खात राहते. अभिलेखागारांत कागद दाखल होताना टाचण्या, स्टेपल, क्लिपा असं सगळं लोखंड आधी काढून टाकतात आणि सुती फीत बांधतात, ते याच कारणानं. माझ्या एका ट्रंकेत जुन्या कामांचे गठ्ठे क्लिपेसकट ठेवले होते. आता तिथं प्रत्येक वरच्या पानावर क्लिपेचा तांबडा छाप आहे, शिक्का मारल्यासारखा.

पण गंजाहून मोठा दोष वेगळाच. क्लिप असेपर्यंत काम संपत नाही. कुणीही केव्हाही दोन कान चिमटून एक पान आत सरकवू शकतो.

आमचे एक सर होते, निवृत्त प्राध्यापक, विषयाचे जाणकार, तज्ज्ञ म्हणून मजकूर बघायचे. म्हैसूरला कार्यशाळेला यायचे, एरवी कोल्हापूरहून टपालानं. त्यांच्याकडे गेलेला गठ्ठा परत यायचा तो जाडीनं वाढलेला. पानामागं पान, त्यावर त्यांच्या तिरक्या अक्षरातली पुस्ती: हे वाक्य आणखी सोपं करा, या संज्ञेला तळटीप द्या, तळटीप नको असेल तर परिच्छेदात घ्या. त्यांचं प्रत्येक म्हणणं बरोबर असायचं. तोच ताप होता. ३२ची क्लिप पाठवली तर ४१ची लावून यायचा, ४१ची पाठवली तर ५१ची. क्लिपा ते स्वतःच्या पैशानं घ्यायचे. एकदा मी विचारलं, “सर, हे प्रकरण आता छपाईला देऊ या का?” तर म्हणाले, “अहो बाई, द्या की. फक्त एकदा माझ्याकडे पाठवा.”

हे असं तीन ऋतू चाललं. पुण्याचा डीटीपीवाला फोन करून करून थकला. शेवटी प्रकाशकाकडल्या कुणीतरी, कुणी ते मला अखेरपर्यंत कळू दिलं नाही, सगळी प्रकरणं एकत्र करून कोर्टाजवळच्या दुकानातून स्पायरल करून आणली. पुढं-मागं प्लास्टिकचं आवरण, कडेला काळं वेटोळं. भोकं पडली की माणूस गप्प बसतो, हा त्यामागचा विचार, आणि तो चुकीचा नव्हता; मी स्वतः ती स्पायरल हातात घेतल्यावर पेन्सिल खाली ठेवली होती. सरांना पाठवताना सोबत चिठ्ठी लिहिली: ही अंतिम प्रत आहे, फक्त मुद्रणदोष पाहावेत.

प्रत पंधरवड्यात परत आली. मुद्रणदोष त्यांनी खरोखर बघितले होते, हिरव्या शाईनं, एकही सुटला नव्हता. मागच्या आवरणाला ५१ची एक क्लिप लावलेली होती, तिच्यात एकवीस सुटी पानं, आणि वर लिहिलेलं: स्पायरलमध्ये जागा नव्हती म्हणून.

त्यातली चौदा आम्ही घेतली.